लॉकडाऊनमध्ये वाढलेलं मुलाचं वजन शाळा सुरू होऊनही का उतरत नाही?

ताई, इतर वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. मुलगा साडेदहा वर्षांचा, पाचवीत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली तेव्हा दुसरीत होता, वजन २५ किलो आणि उंची १२४ सेंटिमीटर. आज, तीन वर्षांनी, ४६ किलो आणि १४० सेंटिमीटर. डोंबिवलीत वन बीएचके, तुम्ही दोघं नोकरीला, घरी आजी-आजोबा. सकाळची शाळा, साडेबाराला घरी. ट्यूशन अजून ऑनलाइनच. जेवण टीव्हीसमोर, झोपायला साडेअकरा. शाळा परत भरून वर्ष होत आलं तरी वजन खाली यायचं नाव नाही. सासूबाई म्हणतात, "वाढीचं वय आहे, उंची झाली की अंगात मुरेल." मैत्रिणीने स्वतःचा १२०० कॅलरीचा डाएट चार्ट पाठवलाय. तो सुरू करू की आधी थायरॉइड तपासू, हा तुमचा प्रश्न.

मी नाशिकला बालरोगतज्ज्ञ आहे, वीसेक वर्षं प्रॅक्टिस करते. २०२१ च्या दिवाळीनंतर लसींसाठी, सर्दी-खोकल्यासाठी मुलं परत दवाखान्यात यायला लागली तेव्हा जुन्या फाइलमधलं वजन आणि काट्यावरचं वजन यांचा मेळच बसेना. त्यामुळे तुमची गोष्ट मला अगदी ओळखीची आहे. तरी मुलाला न तपासता लिहितेय हे लक्षात ठेवा. काही गोष्टी त्याला समोर पाहिल्याशिवाय ठरत नाहीत, त्या कुठल्या तेही सांगते.

तो डाएट चार्ट सुरू करू नका. थायरॉइडची शक्यता कमी आहे. आणि सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यातच सगळी अडचण आहे.

थायरॉइडपासून सुरू करते, कारण प्रत्येक आईच्या मनात पहिली शंका तीच असते. तुम्ही दिलेल्या आकड्यांत मला सगळ्यात उपयोगी वाटलेला आकडा वजनाचा नाही, उंचीचा आहे. तीन वर्षांत उंची १६ सेंटिमीटर वाढली. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढ अपेक्षित असते, म्हणजे तो अगदी वेळापत्रकाप्रमाणे वाढतोय. थायरॉइड कमी पडलं किंवा दुसरा एखादा हार्मोनचा आजार असला, तर मूल जाड होतंच, पण बहुतेक वेळा त्याची उंचीही खुंटते. जाड आणि बुटकं होत चाललेलं मूल दिसलं की मी लगेच तपासण्या लिहिते. जाड होतंय पण उंचीही भरभर वाढतेय, तर कारण बहुधा हार्मोनमध्ये नसतं.

आणखी एक. समजा तुम्ही तपासणी केलीच आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, सहा-सात आलं, तर घाबरून गोळी सुरू करू नका. वजन जास्त असलेल्या बऱ्याच मुलांत टीएसएच थोडं वर जातं. तो वाढलेल्या वजनाचा परिणाम असतो, कारण नव्हे. वजन सुधारलं की तेही खाली येतं. या आकड्यावर उगीच गोळी घेत असलेली कितीतरी मुलं माझ्याकडे येतात.

आता वजन. साडेसात ते साडेदहा या काळात मुलाचं वजन साधारण सात-आठ किलोंनी, फार तर नऊ किलोंनी वाढायला हवं. त्याचं २१ किलोंनी वाढलं. म्हणजे १३ किलो जास्तीचे. ऐकायला प्रचंड वाटतं आणि घरात लगेच "किती खातोस रे" सुरू होतं. पण हिशेब करून बघा. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. १३ किलोंच्या झाल्या साधारण एक लाख. तीन वर्षांच्या दिवसांत वाटल्या तर रोजच्या नव्वदएक, म्हणजे चार ग्लुकोज बिस्किटं. हा हिशेब ढोबळ आहे. वाढत जाणाऱ्या शरीराला रोज लागणारी जास्तीची ऊर्जा धरली तर आकडा दीड-दोनशेच्या पुढे जातो. तरीसुद्धा तो अधाशासारखा खात होता असं यातून निघत नाही. रोज थोडं जास्त आत गेलं, थोडं कमी खर्च झालं, आणि हे सलग चालू राहिलं.

सलग का चालू राहिलं, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेत महामारीच्या आधीच एक गोष्ट लक्षात आली होती. बालवाडी ते दुसरीपर्यंतच्या मुलांची वजनं वर्षातून दोनदा घेतली तेव्हा असं दिसलं की लठ्ठ मुलांचं प्रमाण शाळेच्या दिवसांत वाढत नव्हतं, वाढत होतं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत. आपण शाळेला नावं ठेवतो, दप्तराचं ओझं, पीटीचा तास गणिताला दिलेला, कॅन्टीनचा सामोसा. पण शाळेत घंटा असते. डबा ठरलेल्या वेळीच उघडतो, मधल्या वेळेत पळापळ होते, फ्रिज जवळ नसतो, सकाळी उठायचं म्हणून रात्री झोपावं लागतं. यातलं काहीही कोणी वजनासाठी योजलेलं नाही, तरी वजनाला आवर घालतं ते हेच.

आपल्याकडे शहरांतल्या खालच्या वर्गांच्या शाळा मार्च २०२० पासून जवळजवळ डिसेंबर २०२१ पर्यंत बंद होत्या. त्या उघडतात न उघडतात तोच जानेवारीत पुन्हा बंद झाल्या आणि मग कुठे नीट भरल्या. म्हणजे पावणेदोन वर्षांची उन्हाळी सुट्टी, तीही घराबाहेर न पडता. इटलीत व्हेरोना भागातल्या डॉक्टरांनी पहिल्याच लॉकडाऊनमध्ये, तीन आठवड्यांनी, आधीपासून लठ्ठ असलेल्या ४१ मुलांची विचारपूस केली. स्क्रीनसमोरचा वेळ दिवसाला जवळजवळ पाच तासांनी वाढला होता, खेळ आठवड्याला दोन तासांहून जास्त कमी झाला होता, आणि दिवसाला सरासरी एक जेवण वाढलं होतं. गंमत म्हणजे भाज्या खाण्यात काहीच फरक नव्हता आणि फळं थोडी जास्तच खाल्ली जात होती. घरात पौष्टिक येत नव्हतं असं नाही. एक जास्तीचं जेवण आलं होतं.

ते जास्तीचं जेवण तुमच्या घरातही शोधा. बहुतेक घरांत ते दुपारी चार ते सातच्या दरम्यान सापडतं. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन वर्गात कॅमेरा बंद करून खाण्याची सवय लागली, कुकरमधले केक झाले, पाणीपुरी घरी झाली, आणि "बिचारा घरात कोंडून पडलाय" म्हणून प्रत्येकाने हातात काहीतरी ठेवलं. त्या वेळी मीही हेच केलं असतं. पण लॉकडाऊन उठल्यावर ते जेवण उठलं नाही. आता तो साडेबाराला जेवतो, तीनला टोस्ट किंवा खारी, साडेचारला दूध-बिस्किटं, ट्यूशन चालू असताना फरसाण, साडेनऊला टीव्हीसमोर जेवण, आणि झोपायच्या आधी चॉकलेट पावडर घातलेलं दूध. मी अंदाजाने लिहितेय, तुम्ही मोजून बघा. शाळा सुरू झाली ती सकाळी सात ते बारापुरती. दुपारी साडेबारा ते रात्री साडेअकरा तुमच्या घरात लॉकडाऊन अजून चालूच आहे. वजन न उतरण्याचं कारण मला तरी तिथे दिसतं.

सासूबाईंचं अर्धं बरोबर, ते असं. वाढत्या मुलाचं वजन उतरवावंच लागतं असं नाही. वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढली, तरी शरीर सुधारतं. तुमच्या मुलाचा बीएमआय, म्हणजे वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, आज २३.५ आहे. मोठ्या माणसाला हा आकडा जेमतेम सीमेवरचा, पण मुलांना मोठ्यांचं कोष्टक लावत नाहीत. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सचे २०१५ चे वाढीचे तक्ते आहेत, त्यांत वयानुसार रेषा दिलेल्या असतात. खालची रेषा प्रौढांच्या २३ शी जुळणारी, ती ओलांडली की जास्त वजन. वरची २७ शी जुळणारी, ती ओलांडली की लठ्ठपणा. साडेदहा वर्षांच्या मुलाचा २३.५ त्या वरच्या रेषेच्याही पलीकडे जातो. आता समजा वर्षभर वजन ४६ वरच राहिलं आणि उंची १४६ झाली, तर बीएमआय २१.६ होतो. एक किलोही न उतरता जवळजवळ दोनने कमी! पुढे वयात येताना उंची झपाट्याने वाढते, तेव्हा ही संधी आणखी मोठी होते.

पण हे आपोआप होत नाही, आणि दहा-अकराव्या वर्षी तर नाहीच. याचा चांगला पुरावा इंग्लंडमध्ये आहे. तिथे शाळेत पाऊल ठेवणाऱ्या चार-पाच वर्षांच्या आणि प्राथमिक शाळा संपवणाऱ्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांची उंची-वजनं दरवर्षी सरकार घेतं. २०१९-२० मध्ये लहान गटात ९.९ टक्के मुलं लठ्ठ होती, पुढच्या वर्षी १४.४ टक्के झाली. मोठ्या गटात २१ वरून २५.५ वर गेली. शाळा सुरू झाल्यावर, २०२१-२२ मध्ये, लहान गट १०.१ वर परत आला, म्हणजे जवळपास होता तिथे. मोठा गट मात्र २३.४ वरच अडकला. बालवाडीतलं मूल शाळा सुरू झाली, धावायला लागलं की बऱ्याचदा सावरतं. तुमच्या मुलाच्या वयात सवयी पक्क्या झालेल्या असतात आणि जास्त वजनाचं मूल खेळातून स्वतःच बाजूला होतं. म्हणून सासूबाईंना सांगा, मुरेल, पण वजन थांबवलं तरच मुरेल.

मुलगा चार वर्षांचा असता तर मी एवढं लांबलचक लिहिलं नसतं. "संध्याकाळी खाली सोडा, दुधातली साखर बंद करा, सहा महिन्यांनी या" एवढंच सांगितलं असतं.

वजन उतरवायचं नाही, थांबवायचं आहे, म्हणूनच मैत्रिणीचा १२०० कॅलरीचा तक्ता नको. तो मोठ्या बाईसाठी बनवलेला आहे. वाढत्या मुलाला प्रथिनं, कॅल्शियम, लोह लागतं, आणि उपाशी ठेवलेलं मूल चोरून खायला शिकतं. ती सवय वजनापेक्षा वाईट.

मग करायचं काय? दुपारपासून रात्रीपर्यंतच्या दिवसाला पुन्हा घंटा लावायची. शाळेतून आल्यावर जेवण, टेबलावर किंवा पाटावर, पण टीव्ही बंद. साडेचार-पाचला एकदाच खाऊ, आणि तो पोटभरीचा असू दे: थालीपीठ, घावन, उसळ, उकडलेलं अंडं, शेंगदाणे-फुटाणे, फळ. रात्रीचं जेवण आठपर्यंत. मध्ये फक्त पाणी. "भूक लागली" म्हणाला तर घड्याळ दाखवा, ओरडू नका. पहिला आठवडा कटकटीचा जातो, मग पोटालाही वेळ कळते. भाकरी किती, भात किती हे मी सहसा मोजायला लावत नाही. वेळा सांभाळल्या की प्रमाण बरंचसं आपोआप जागेवर येतं. फक्त ताटात आधी वरण-भाजी वाढा आणि दुसऱ्यांदा आग्रह करू नका. "ताटात टाकायचं नाही" हा आपल्या घरांचा नियम चांगला आहे, पण मग वाढायचं कमी.

पेयांकडे वेगळं लक्ष द्या, कारण ती खाण्यात धरली जात नाहीत. फळांच्या नावाने मिळणाऱ्या छोट्या खोक्यातल्या पेयात सहज पाच चमचे साखर असते. दिवसातून दोनदा साखर आणि पावडर घातलेलं दूध, म्हणजे तुमच्या शोधातलं ते जास्तीचं जेवण बहुतेक सापडलंच. दूध अर्धा लिटरच्या आत, साध्या चवीचं. पावडर हळूहळू कमी करत बंद करा.

फरसाण, खारी, बिस्किटं फक्त त्याच्यासाठी बंद करायची नाहीत. मोठा पुडा घरात आणायचाच नाही. बाबांच्या हातात चिवड्याची वाटी आणि मुलापुढे काकडी, हे चालत नाही. आजी-आजोबांशी एकदा तुम्ही दोघांनी बसून बोला, मुलासमोर नको. आजीला खायला घालण्यात प्रेम वाटतं. तो मान तिच्याकडून काढून घेऊ नका. पाचचा खाऊ आजीच्याच हातचा असू दे, फक्त तेवढाच.

झोप लोक विसरतात. सकाळी सातची शाळा, म्हणजे तो पावणेसहाला उठत असणार. साडेअकराला झोपला तर सहा तास झोप झाली. या वयाला नऊ ते बारा तास लागतात. अपुरी झोप भूक वाढवते, तीही गोडाची आणि तळणाची. दुसऱ्या दिवशी खेळायला अंगात त्राण नसतं, ते वेगळंच. एकच गोष्ट बदलता येणार असेल तर मी त्याला पावणेनऊच्या आत झोपवायला सांगेन. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा, सगळ्यांचा. मोबाइल पूर्ण बंद करायला मी सांगत नाही, कारण तो त्याच्या हातात आपणच दिला, शाळेसाठी. जेवताना आणि अंथरुणात नाही, एवढं पाळलं तरी खूप झालं.

खेळाचं मला जरा सविस्तर सांगायचंय. दिवसाला तासभर दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पालक लगेच क्रिकेटच्या कोचिंगला घालतात आणि मूल पंधरा दिवसांत सोडतं. का? सात ते नऊ या वयात मुलं झेल घ्यायला, नेम धरायला, पळताना वळायला शिकतात, आणि नेमकी ती वर्षं या मुलांची घरात गेली. हा मुलगा जड आहेच, शिवाय त्याला खेळताही येत नाही. संघ पाडताना तो शेवटी उरतो. मग तो म्हणतो, "मला आवडत नाही खेळायला." त्याचा शब्दशः अर्थ घेऊ नका. सुरुवात अशा ठिकाणी करा जिथे कोणाशी तुलना नाही: सायकल, पोहणं, बाबांबरोबर पार्किंगमध्ये बॅडमिंटन. पाण्यात वजन जाणवत नाही, त्यामुळे जड मुलांना पोहणं फार आवडतं. डोंबिवलीत मैदान शोधणं सोपं नाही, मला कल्पना आहे. पण सोसायटीत चार मुलं जमवून लगोरी, लपंडाव, साखळी सुरू करता येते आणि त्याला फी लागत नाही. वॉचमन ओरडला तर सेक्रेटरीशी भांडा, ते भांडण करण्यासारखं आहे. ट्यूशन प्रत्यक्ष जाऊन होत असेल तर तसं करा आणि चालत पाठवा.

घरात "ढोल्या", "भोपळा" ही लाडाची नावं बंद. लग्नात भेटलेल्या मावशीने "अरे केवढा सुटलास" म्हटलं तर तुम्ही त्याच्या बाजूने उत्तर द्या. वजन महिन्यातून एकदाच बघा. खाणं-झोप-खेळ यांची चर्चा करा, आकड्याची नको.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. भारतीय मुलांत एक धोका जास्त असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की आपली बाळं वजनाला हलकी जन्मली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण युरोपीय बाळांच्या तुलनेत जास्त असतं. अशी बाळं पुढे भराभर वजन धरतात तेव्हा मधुमेहाचा धोका वाढतो. त्यामुळे जन्माचं वजन अडीच किलोच्या आत होतं का, तुम्हाला गरोदरपणी साखर होती का, घरात कोणाला मधुमेह आहे का, यावर मी किती घाई करायची ते ठरवते. मानेवर मागच्या बाजूला, काखेत काळपट, जाडसर त्वचा दिसते का बघा. पुष्कळ आया तो मळ समजून घासत बसतात. तो मळ नाही, शरीरात इन्सुलिन जास्त तयार होतंय याची ती खूण आहे. मेजरिंग टेपने बेंबीशी कंबर मोजा. ती उंचीच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे त्याच्या बाबतीत ७० सेंटिमीटरच्या वर असेल, तर चरबी पोटात साठतेय.

त्याचं वय आणि बीएमआय बघता मी रक्तदाब मोजेन आणि उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर), रक्तातल्या चरबीचं प्रमाण आणि यकृतासाठी एसजीपीटी एवढं एकदा करून घेईन. सोनोग्राफीत "फॅटी लिव्हर" लिहून आलं तर हातपाय गाळू नका. मुलांत ते वजनाबरोबर बरंच मागे जातं. घरात काही सिरप चालू आहेत का तेही डॉक्टरांना दाखवा. लॉकडाऊनच्या आधी बारीक होता म्हणून भूक वाढवणारं औषध सुरू केलं आणि नंतर कोणी थांबवलंच नाही, असं मी पाहिलंय. वारंवार दिलेल्या स्टेरॉइडनेही वजन वाढतं.

काही लक्षणांत मात्र महिनाभरही थांबू नका: घोरणं आणि झोपेत श्वास अडकल्यासारखा होणं, खूप तहान आणि वारंवार लघवी, लंगडणं किंवा मांडी-गुडघा दुखणं, सतत डोकेदुखी, उंची वाढायची थांबणं. मुलींच्या आयांसाठी एक जास्तीची ओळ: आठ वर्षांच्या आत छाती वाढायला लागली तर लगेच दाखवा. महामारीच्या काळात लवकर वयात येणाऱ्या मुली जास्त दिसल्याचं आधी इटलीतून आणि मग इतर ठिकाणांहूनही नोंदवलं गेलं.

एक गोष्ट इथे बाजूला लिहून ठेवते. हीच शाळा बंद असताना ज्यांचं दुपारचं जेवण शाळेत शिजायचं, त्यांच्या घरी कोरडा तांदूळ-डाळ गेली आणि माझ्याकडे येणारी त्यातली काही मुलं वाळली. एकाच ओपीडीत दोन्ही प्रकारची मुलं बसलेली असायची. "लॉकडाऊनमध्ये मुलं जाड झाली" हे वाक्य सगळ्यांना लागू नाही.

ताई, तुम्ही एवढं करा. आज भिंतीला टाच लावून उंची, सकाळी उपाशीपोटी वजन आणि कंबर लिहून ठेवा. झोप आणि पाचचा खाऊ, या दोनच गोष्टींनी सुरुवात करा. खेळ दोन आठवड्यांनी जोडा. पहिल्या तीन महिन्यांत वजन ४६-४७ च्या आसपास थांबलं तर मी त्याला यश म्हणेन, अर्धा-पाऊण किलो इकडेतिकडे चालतो. त्याच गतीने वाढत राहिलं तर मुलांच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे, पाठवावं लागेल. आणि जन्माचं वजन, मानेचा रंग, घोरणं याबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, ते खाली कळवा. त्यावरून रक्ताच्या तपासण्या याच आठवड्यात करायच्या की सवडीने, ते सांगते.